रोवणीतलं इंग्रजी

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आमचे इंग्रजीचे गुरुजी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मी बोलणार. जिवंत होते तेव्हा त्यांच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती, आणि आता मेले म्हणून उघडायचं नाही, हा कुठला न्याय?

आरमोरीपासून जरा आत आमचं धानाचं गाव. गावात मिडल शाळा होती, मुली नावापुरत्या. त्या वर्षी नदीपल्याडच्या एका घरातून मला मागणी आली होती. बाबा आईला म्हणाले, "पास झाली तं शिकू दे. नापास झाली तं उन्हाळ्यात लगन करून टाकू." झालं, माझ्या जन्माचा निकाल लागला. बाकीच्या विषयांची मला भीती नव्हती. इंग्रजीची होती, आणि एका विषयात गेलं की वर्ष गेलं.

इंग्रजी म्हणजे त्या वर्षी क्रियापदांची रूपं. गुरुजी नागपूरकडचे, नाकानं कांदे सोलणारे. फळ्यावर एक क्रियापद लिहायचे आणि खाली त्याची सगळी पिल्लं. आय वॉक, आय वॉक्ड, आय शॅल वॉक. मग वुई, यू, ही, शी, दे. वॉक झालं की प्लांट, प्लांट झालं की कुक. सगळी सरळमार्गी क्रियापदं, शेवटी तेच शेपूट लावलं की काळ मागे गेला. अर्थ विचारला तर म्हणायचे, "अर्थाची घाई कशाला? आधी पाठ करा."

पाठ करायला मला निवांत वेळ कोण देणार होतं? श्रावणात शाळा सुटली की माझी दुसरी शाळा बांधीत भरायची. बांधी म्हणजे धानाचा चिखल केलेला वाफा. त्यात बाया रांगेनं ओणव्या उभ्या राहतात, रोप चिखलात खोवतात आणि एक पाऊल मागे सरतात. रोवलेलं समोर राहतं, आपण मागे मागे जातो. एक बाई गाणं सांगते, बाकीच्या ते झेलतात, आणि त्या ठेक्यावर हात-पाय आपोआप चालतात. मी आईशेजारी रोवता रोवता क्रियापदं पुटपुटायची. एक दिवस आईनं विचारलं, "का गुणगुणून राह्यली वं? जोरानं म्हन नं."

मी जोरानं म्हटलं. "आय वॉक." रांगेतल्या बायांनी झेललं, "वॉक वं बाई!" "आय वॉक्ड." "वॉक्ड वं बाई!" आणि पाऊल मागे. हसून हसून बाया चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. पण त्यांना ते आवडलं. पुढे रोजच त्या मला म्हणायच्या, "सायबाचं गानं सांग." रोवणी संपेपर्यंत माझं एकूण एक क्रियापद पाठ झालं. इतकं सुखाचं शिक्षण मला नंतर कुठेच मिळालं नाही.

एकदा गुरुजी छत्री घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालले होते. थांबले, ऐकलं आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "काही लोक इंग्रजीसुद्धा चिखलात लोळवून घेतात." पोरं फिदीफिदी हसली. मला हसण्याचं काही वाटलं नाही. पण त्या 'लोक' शब्दात माझी आई होती. ते मला डाचलं, अजून डाचतं.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. मला 'कुक' आलं. मी सुरू केलं तर चालीशिवाय शब्दच निघेनात. चाल धरली तर पाय मागे जायला लागले. एक रूप, एक पाऊल. माझं सगळं बरोबर येत होतं आणि मी टेबलापासून लांब लांब जात होते. शेवटी पाठ दाराला लागली. वर्ग खिदळत होता. गुरुजी उठले, मला दंडाला धरून पुढे आणलं. "पाय न हलवता म्हण." मी पाय रोवून उभी राहिले, आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. एक शब्द आठवेना. गुरुजींनी मला नापास केलं.

संध्याकाळी आई मला घेऊन शाळेत गेली. डोक्यावर पदर, दाराबाहेरच उभी.

"पोरगी चुकली का जी, गुरुजी?"

"चुकली नाही. पण बाई, इंग्रजी असं नाचत म्हणत नाहीत."

"तुमी कसं शिकले जी?"

"पाठ करून."

"मंग तिनंबी पाठच केलं नं. नापास काऊन?"

गुरुजी हसले. चिडले असते तर मी एवढी चिडले नसते. ते म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते," आणि आत निघून गेले. एक मुलगी उन्हाळ्यात बोहल्यावर चढणार होती, आणि या माणसाला तिच्या पावलांची शिस्त बघायची होती! मी रडत होते ते रागानं. आई म्हणाली, "चूप."

वाटभर ती माझ्यापुढे झपाझप चालत राहिली. माझी आई खोटं बोलायची नाही. आम्ही लहानपणी खोटं बोललो तर ती आम्हाला देवापुढे उठाबशा काढायला लावायची. गावात दोन घरांचं भांडण लागलं तर बाया तिलाच विचारायला यायच्या, कारण ती कोणाची बाजू घेऊन सांगत नसे.

बाबा ओसरीत दोर वळत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "का झालं?"

"पास झाली," आई म्हणाली. "पर गुरुजी म्हन्ते, इंग्रजी पक्कं होऊ द्या. आनखी एक वर्स याच वर्गात बसू द्या म्हन्ते."

बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "गुरुजी म्हन्ते तं बसू दे," म्हणाले, आणि दोर वळायला लागले.

आई आत गेली. मी मागोमाग गेले तर ती देवापुढे उभी होती. तिनं दोन्ही कान धरले आणि उठाबशा काढायला लागली.