खाली नाव पाहिजे

लिहून झालं की काका दोन पावलं मागे यायचे, मान तिरकी करून फळ्याकडे बघायचे, पुन्हा पुढे जाऊन ओळीखाली एक आडवी रेघ ओढायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "खाली नाव पाहिजे." मग नाव लिहायचे.

हा फळा आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या गेटवर, वॉचमनच्या केबिनला टेकून असतो. तुमच्याकडेही असेल. वरच्या अर्ध्या भागात पाणी कधी बंद राहणार ते, खाली सुविचार. आमच्याकडे खालचा भाग तळमजल्यावरच्या काकांकडे होता. ते मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या धान्य बाजारात त्यांनी आयुष्यभर पोत्यांवर ब्रशने व्यापाऱ्यांचा मार्का घातला. त्यामुळे अक्षर मोठं, ठसठशीत, जरा चौकोनी.

पण ते सुविचार लिहीत नसत. ऐकलेलं लिहीत.

"कोथिंबिरीकडे बघू नका, ती आज रुसलीय. — भाजीवाली मावशी, गेटवर, सोमवार."

"माझा दात पडला नाही, मी सोडून दिला. — वय सहा, सी विंग."

एकदा लिहिलं होतं, "थंड व कोरड्या जागी ठेवा. — खोकल्याची बाटली." त्याखाली कुणीतरी हळूच खरडलं, 'नेरूळमध्ये कुठे?' काकांनी ते पुसलं नाही. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिले, हे कुणी लिहिलं. संध्याकाळी त्याखालीही रेघ आली आणि नाव आलं: वॉचमन.

सेक्रेटरींना हे पटत नसे. एकदा ते मोबाइल घेऊनच आले. "काका, हे लिहा. थोर माणसाचं वाक्य आहे."

"तुमी ऐकलं त्यास्नी बोलताना?"

"मी कुठून ऐकणार? फॉरवर्ड आलंय."

काकांनी वाक्य लिहिलं. खाली रेघ ओढली आणि लिहिलं: सेक्रेटरी, फॉरवर्ड.

मी इंग्लिश मीडियमची. हाताने लिहिलेलं मराठी मला पटकन वाचता येत नाही आणि गेटवर उभं राहून वाचायला मला आवडत नाही. म्हणून मी रोज जाताजाता फळ्याचा फोटो काढायचे आणि घरी सावकाश वाचायचे. फोनवर बोलत असल्यासारखा चेहरा करून फोटो काढायची मला सवय झाली होती. काकांना ते पहिल्या आठवड्यातच कळलं असावं. माझी यायची वेळ झाली की ते फळ्यासमोरून बाजूला व्हायचे.

आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. मी जिन्याने जाते. एकदा काकांनी विचारलं, "लिफ्ट बंद हाय का गं?"

"नाही. लिफ्टमध्ये लोक विचारतात. जिन्यात कोणी विचारत नाही."

त्या वर्षी लोक मला काय विचारत होते ते इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ही दोन्ही वाक्यं फळ्यावर होती. खाली रेघ, माझं नाव आणि फ्लॅट नंबर.

तुम्हाला हे एवढं मोठं वाटणार नाही. पण मी पार्सलवाल्यालाही नाव सांगत नाही, नंबर सांगते. आणि लिफ्टमध्ये विचारणारे सगळे त्याच फळ्यासमोरून जाणार होते. मी काकांच्या दाराची बेल वाजवली आणि बोलायला लागले ते थेट इंग्रजीत. तुम्हाला काही हक्क नव्हता, वगैरे. आवाज चढला होता.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "इंग्लिशमदी आलाय म्हंजे राग खरा हाय."

"फक्त नाव पुसा. बाकी राहू दे."

"तसं न्हाई जमत, पोरी. मार्का नसंल तर पोतं कुणाचं? नाव पुसलं की वरचंबी पुसावं लागतंय."

ते फडकं घेऊन फळ्याकडे निघाले. मी थांबले नाही. संध्याकाळी परतले तेव्हा फळ्याचा खालचा भाग रिकामाच होता. सवयीने त्याचाही फोटो काढला.

पुढे बरेच दिवस आम्ही बोललो नाही. जिन्याच्या तोंडाशी ते दिसायचे. काही विचारायचे नाहीत. वाट द्यायचे.

कॉलेजात एका तासाला ऐकलं होतं, की पूर्वी इंग्रज लोक कॉमनप्लेस बुक नावाची वही ठेवायचे. वाचलेलं, ऐकलेलं, दुसऱ्याचं, आवडलेलं त्यात उतरवून ठेवायचं. मला ही कल्पना फार सोयीची वाटली. लिहायचं, पण आपलं काही सांगायचं नाही. तसा ब्लॉग सुरू करायचं ठरवलं आणि लक्षात आलं, की माझ्या फोनमध्ये फळ्याचे शेकडो फोटो आहेत. फक्त विचारायला काकांकडे जावं लागणार होतं.

गेले. वहीसारखा ब्लॉग काढतेय, असं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून फोनवर सगळं पाहिलं. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून नाव तपासलं.

"खाली तुमचं नाव टाकू का?"

"माझं कशाला? मी काय बोललो ह्यात? मी निस्तं उतरवून घेतलं." मग बोट वर सरकलं. "ही वही कुणाची?"

"कुणाची नाही, काका. ब्लॉग आहे. असाच."

"कुणाचीच न्हाई?" त्यांनी फोन परत दिला. "बरं."

त्या 'बरं'मध्ये धान्य बाजारातून मार्का नाही म्हणून परत पाठवलेली सगळी पोती होती.

मागच्या उन्हाळ्यात काका मुलाकडे उरणला राहायला गेले. गुडघे दुखायचे, आणि मुलाची कंटेनर यार्डातली नोकरी तिकडेच आहे. नेरूळहून उरण काही लांब नाही. मी अजून गेलेली नाही. फळ्याच्या खालच्या भागात हल्ली पेस्ट कंट्रोलवाल्याचं स्टिकर असतं. इथे काकांचं नाव नाही, याचं कारण त्यांनीच सांगितलेलं आहे.

ब्लॉगसाठी फोटो क्रमाने लावताना मध्येच तो रिकाम्या फळ्याचा फोटो आला. काढून टाकणार होते. पण स्क्रीनवर मोठा केला तेव्हा खडूच्या पांढुरक्या धुरळ्यात अक्षरं दिसली. चौकोनी, ठसठशीत. लिफ्टमध्ये लोक विचारतात. जिन्यात कोणी विचारत नाही. वरून फडकं नुसतंच फिरवलेलं होतं, कोरडं. त्याखाली आडवी रेघ होती. आणि रेघेच्या पुढे नावाची हातभर जागा मात्र काळीभोर, स्वच्छ. तिथे फडकं ओलं करून, दोनतीनदा घासलेलं असणार. अक्षराचा कणसुद्धा उरला नव्हता.

ब्लॉगवर पहिली नोंद म्हणून मी तीच दोन वाक्यं टाकली. खाली रेघ ओढली, नाव लिहिलं, फ्लॅट नंबर लिहिला. मग दोन पावलं मागे सरकून बघितलं.