भिंत आणि आम्ही तिघे

हौशी सायकलवाल्यांची मला किळस येते. मी त्यांच्यातलाच, अकरा वर्षं त्यांच्यात काढलीत, म्हणून हक्कानं सांगतो. रविवारी सकाळी घट्ट चड्ड्या घालून जमायचं, केळी खाऊन सालं तिथंच टाकायची आणि चालत्या सायकलवरून मागच्याच्या अंगावर नाक शिंकरायचं. वर तोंड करून म्हणायचं काय, तर आमचा खेळ सांघिक आहे!

आमच्या चौघांच्या टीममध्ये खरा सांघिक माणूस एकच होता. त्याला आम्ही भिंत म्हणायचो. पंपाचे दांडे बनवणाऱ्या कारखान्यात तो लेथवर टर्नर. आठ तास उभ्यानं काम, बोटांच्या रेषांत काळं तेल कायमचं बसलेलं. घर दोन खोल्यांचं, आणि सायकल पलंगाच्या वर खुंटीला टांगलेली. तिच्या चेनचं तेल उशीवर ठिबकतं म्हणून वहिनी रोज त्याचा उद्धार करायच्या.

त्याला भिंत का म्हणायचो? शर्यतीत पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि मागचे त्याच्या आडोशानं निम्म्या ताकदीत जातात. म्हणून पाळीपाळीनं पुढं जायचं असतं. दमलं की उजवं कोपर हलवायचं आणि डावीकडे सरकायचं, म्हणजे मागचा पुढं येतो. आमची पाळी अर्ध्या मिनिटात संपायची. ह्याची संपायचीच नाही. शेवटचे तीनशे मीटर उरले, की रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याशी तो कोपर हलवून बाजूला व्हायचा, आणि ताजेतवाने कॅप्टनसाहेब मुसंडी मारून जिंकायचे. कॅप्टन म्हणजे दातांचे डॉक्टर. कप घेऊन फोटोत असे हसायचे, की जणू दवाखान्याची जाहिरातच चाललीय.

एकदा भिंतीनं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून त्याला कारखान्यात रविवारची पाळी लागलीय. म्हणजे ही शर्यत शेवटची.

"मग ही तू जिंकायचीस," डॉक्टर म्हणाले. "आम्ही ओढतो तुला. शब्द दिला."

अकरा वर्षांत वहिनी एकदाही शर्यतीला आल्या नव्हत्या. ह्या वेळी चांगली साडी नेसून आल्या. "भाऊजी," मला म्हणाल्या, "माईकवर ह्यांचं नाव एकदा ऐकलं, की अकरा वर्षांच्या तेलाच्या उश्या माफ."

ऐंशी किलोमीटरची शर्यत. बँकेत काम करणारा आमचा चौथा गडी निम्म्यातच गळाला. पण आम्ही तिघे असे सुटलो की शेवटी मागं चिटपाखरू नव्हतं. आता जिंकणार कोण, हे आमच्याच हातात होतं. शेवटचे दहा किलोमीटर मी आणि डॉक्टरांनी वारा घेतला. भिंत मागं नुसता कासावीस. "येऊ का पुढं? अहो, येतो ना थोडा!"

"गप बस की लेका मागं!" मी ओरडलो. खरं सांगतो, तेवढे दहा किलोमीटर मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं.

अर्धा किलोमीटर राहिला तेव्हा आम्ही त्याला पुढं सोडलं. त्याच्या मागं डॉक्टर, त्यांच्या मागं मी. मान खाली घालून तो असा काही सुटला की बस! डॉक्टर मागून ओरडत होते, "जोर लाव! जोर लाव!" दर शर्यतीत ओरडायचे तसंच.

पांढरा पट्टा आला. भिंतीनं कोपर हलवलं आणि डावीकडे सरकला.

अकरा वर्षांची सवय हो! डोक्याला कळायच्या आत अंगानं करून टाकलं. डॉक्टरांनी ब्रेकला बोट लावलं असतं, एक हाक मारली असती, तरी भागलं असतं. पण ते पॅडलवर उभे राहिले आणि गेले. हातभरावरून गेले, बाजूला न बघता.

लाईनीपाशी वहिनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होत्या. पहिला आलेला माणूस आपला नाही हे दिसलं, तेव्हा हात तसेच राहिले.

"तोच बाजूला झाला, मी काय करू?" डॉक्टर पाणी पीत म्हणाले. "पाय आपोआप चालतात अशा वेळी." आणि चूळ भरून थुंकले.

बक्षिसं फक्त दोन होती. माईकवर दोनच नावं पुकारली. पहिलं डॉक्टरांचं.

दुसरं माझं.

होय, मीही गेलो त्याच्या बाजूनं. त्याचा चेहरा मी बघितला. चूक लक्षात आली होती त्याच्या, तोंड उघडं होतं. तरी गेलो. पाय आपोआप वगैरे काही चालत नाहीत, चालवावे लागतात.

भिंत सायकल ढकलत आमच्याकडं आला. मागं वहिनी. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. घालाव्यात, मी मनातून वाट बघत होतो.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "दहा किलोमीटर ओढलंत तुम्ही मला, आणि ऐनवेळी मी माती केली. रागावू नका."

वहिनी माझ्या हातातल्या कपाकडं बघत होत्या.

"असू दे रे," मी म्हणालो. "होतं असं."

मोठ्या मनानं माफ केलं मी त्याला.