जिभाऊंच्या वावरातली शिष्यवृत्ती

जिभाऊंना हळू बोलता येत नसे. तरुणपणीच कान अधू झालेले, त्यामुळे आपण कुजबुजतोय असं समजून ते जे बोलत, ते शेजारच्या गल्लीत ऐकू जाई. अशा माणसाकडे आपलं गुपित घेऊन जायचं म्हणजे धाडसच. मी गेले, कारण दुसरीकडे कुठे जायला जागा उरली नव्हती.

मी खापर गावची. जन्मले तेव्हा घरच्यांच्या लेखी मुलगा झाला होता. कॉलेजात आल्यावर मी केस वाढवले, ओढणी घेतली, आणि दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी मला दारातूनच परत पाठवलं. मुलांच्या वसतिगृहात राहणं अशक्य झालं होतं आणि मुलींच्या वसतिगृहात मला घेत नव्हते. सगळं सोडून सुरतला जायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. आमच्या गणिताच्या मॅडम म्हणाल्या, जायचं तर जा, पण आधी जिभाऊंना भेट.

जिभाऊ तापीच्या सपाटीवरचे शेतकरी. मी पोचले तेव्हा ते पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानात, मजुरांबरोबर लाल मिरच्या उलथत होते. त्या खकाण्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी रडतेय असं समजून त्यांनी आपला पंचा पुढे केला. मिरचीमुळे होतंय म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तुले काय नाव आवडस?"

कागदावर काय नाव आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. दुसऱ्या माणसासमोर 'ज्योती' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. जिभाऊंनी तो लगेच पथारीच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या बायकोला, आमच्या जिजीला, ओरडून सांगितला, "ही ज्योती शे. आते आपलाकडेच ऱ्हाई." सगळे मजूर वळून बघायला लागले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण संध्याकाळपर्यंत ते सगळेच मला ज्योती म्हणत होते.

त्यांची शिष्यवृत्ती म्हणजे एका वावरातल्या मिरचीचं उत्पन्न. आपण कोण आहोत किंवा आपला जीव कुणावर आहे एवढ्यावरून ज्यांचं घर सुटलं, अशा मुलामुलींच्या कॉलेजसाठी ते वावर त्यांनी वेगळं काढलं होतं. मॅडमनी सूचनाफलकावर 'एलजीबीटी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती' असं लिहिलं, तेव्हा जिभाऊ म्हणाले होते, "इतला इंग्रजी अक्षरं मन्हा तोंडमा बसतस नही. मन्हा पोरे म्हना." फोटो नाही, सत्कार नाही, आभाराचं भाषण नाही. नापास झालं तरी त्यांना चाले. मधेच सोडून गेलेलं मात्र चालत नसे.

त्यांच्या समाजातल्या मोठ्या माणसांना हे पटणारं नव्हतंच. एका सकाळी चौघं-पाचजण ओट्यावर येऊन बसले. आपल्याच समाजात हुशार पोरं कमी आहेत का, हे कसले नाद, असं त्यांचं म्हणणं. जिजीनं मला आत थांब म्हणून खूण केली. मी दाराआड उभी राहिले. जिभाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मग म्हणाले, "समाजना पोरेस्ले समाज शे. यास्ले कोन शे?" माणसं उठून गेली. त्या वर्षी लग्नाच्या पत्रिका या घरात फारच थोड्या आल्या. जिजीला ते लागलं. जिभाऊ म्हणाले, बरं झालं, यंदा पोट बिघडणार नाही.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर ते मला गाडीत घालून खापरच्या बाजारात घेऊन गेले. वडील आमचूर विकायला बसले होते. मी गाडीच्या आडोशाला थांबले; पण जिभाऊंचा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू येत होता. ज्योतीचे वडील तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, मला मुलगी नाही.

"शे," जिभाऊ म्हणाले. "कालेजमा गणित शिकी ऱ्हायनी. पास व्हयनी."

वडिलांनी मान वर केली नाही. त्यांनी आमचुराची एक पिशवी भरली, गाठ मारली आणि जिभाऊंच्या हातात दिली. जिभाऊ किंमत विचारत राहिले, वडील नुसतेच हात हलवत राहिले. घरी जाता यायला मला पुढे आणखी काही वर्षं लागली, पण सुरुवात त्या पिशवीनं झाली.

परतीच्या वाटेवर जिभाऊंनी आपल्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. मनोहर कॉलेजात हुशार होता, आणि वर्गातल्या एका मित्रावर त्याचा जीव होता. ते कळल्यावर त्यांच्या वडिलांनी त्याचं शिक्षण थांबवलं आणि मुलगी बघितली. लग्नाच्या आधीच मनोहर सुरतला निघून गेला. खूप वर्षांनी जिभाऊंनी त्याला साड्या रंगवायच्या एका कारखान्यात शोधून काढलं आणि घरी चल म्हणून विनवलं. तो आला नाही. म्हणाला, घर सुटलं ते मी सोसलं, पण कॉलेज सुटलं ते अजून सोसवत नाही. जिभाऊ तिथून आले आणि त्यांनी ते वावर बाजूला काढलं.

मी आता नवापूरला शाळेत गणित शिकवते. गेल्या हिवाळ्यात जिभाऊ थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेले. मनोहरकाका आले ते दहाव्याला. केस पांढरे झालेले, बोलणं अर्धं गुजराती. ओट्यावर माझ्याशेजारी बसून मी काय शिकले, कशी शिकले, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग थोडं थांबून, या शिष्यवृत्तीला वयाची काही अट आहे का, असंही विचारलं.

जिजी दारात उभी होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "वावर तं अजून शे. शिका तुम्ही."

मनोहरकाकांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. पहिल्या पेपरला मी रजा काढून नंदुरबारला गेले. फाटकापाशी ते घुटमळत होते. पोरं आजोबा कुणाला सोडायला आलेत म्हणून बघत होती. काका म्हणाले, भाऊ असता तर पेपर होईपर्यंत इथून हलला नसता.

मी त्यांना आत जायला सांगितलं आणि फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसले. ऊन अंगावर आलं, तरी पेपर सुटेपर्यंत उठले नाही.