मस्कत दाखवणारा आरसा

“थांबा! पाय उचलू नका कोणी! जिथे आहात तिथेच!”

सर ओरडले ते डोळे मिटूनच. डोंबिवलीतल्या आमच्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर, सकाळच्या उन्हात, पत्र्याच्या ड्रमभोवती फिरणारी आम्ही सात मुलं जागच्या जागी पुतळे झालो. माझा एक पाय हवेत होता. तो मी तसाच ठेवला. अजूनही कधीकधी वाटतं, तो पुरता खाली आलेला नाही.

हे आमचं सुट्टीतलं विज्ञान शिबिर. सर कल्याणपलीकडच्या मोहने गावातल्या एका कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि तिथून थेट आमच्या गच्चीवर यायचे. पहिल्या आठवड्यात लिंबावर दिवा पेटवून झाला. पेटला म्हणजे सरांना पेटलेला दिसला, आम्हाला नाही. उरलेल्या लिंबांचं सरबत मात्र सगळ्यांना दिसलं. दुसऱ्या आठवड्यापासून दुर्बिणीचा आरसा. दगडगोटे भरलेला ड्रम, ड्रमवर पक्की बसवलेली ताटलीएवढी जाड काच, तिच्यावर दुसरी तशीच काच, दोघींच्या मध्ये पाणी आणि घासायची पावडर. वरची काच पुढे-मागे घासायची, एक पाऊल सरकायचं, काच जराशी फिरवायची, परत घासायचं. असं ड्रमभोवती फिरत राहिलं की वरची काच मधोमध केसाकेसाने खोल होत जाते. घासणारा एकच, पण बाकीचे सहाजण त्याच्यामागून रांगेत चालायचे, कारण रांग सोडली की नंबर गेला.

त्या महिन्यात आम्ही इतके चाललो की ड्रम मध्ये नसता तर इगतपुरीचा घाट चढून पलीकडे उतरलो असतो. आता आठवतं ते चालणं नव्हे, ते फिरणं. समोर मलंगगड यायचा, मग मुंब्र्याचा डोंगर, मग खाडीकडची पांढुरकी सपाटी, मग कल्याणच्या बाजूचा धूर, आणि पुन्हा मलंगगड. दहाव्या फेरीनंतर आपण उभे आहोत आणि डोंगर चालताहेत असं वाटायला लागायचं. वीस फेऱ्या झाल्या की गच्चीवरच्या टीव्हीच्या अँटेनाही हळूहळू वळायच्या. माझ्या मागचा मुलगा तर चालता चालता झोपायचा आणि झोपेत बरोबर माझ्या पायावर पाय द्यायचा.

झोपायचे सरही, खुर्चीत, टोपी नाकावर ओढून. पण त्यांचे कान जागे असायचे. भरड पावडर होती तोवर काच जात्यासारखी घरघरली. पावडर बारीक होत गेली तसा आवाज खाली खाली आला, आणि शेवटी एवढाच राहिला की कपाटात कुणीतरी रेशमी साडी सरकवतंय. त्या आवाजावर सर झोपायचे, आणि तो जरा बदलला की जागे व्हायचे.

त्या दिवशी मैद्यासारख्या पावडरीचा पहिला दिवस होता, आणि आवाज आला: खर्र.

सरांनी वरची काच दोन्ही हातांनी उचलली, धुतली, उन्हात तिरकी धरली. कडेला चरा. नखाच्या कोरीएवढा. मग खालच्या काचेवरच्या चिखलात बोट फिरवून त्यांनी एक पांढरा कण शोधला आणि आमच्यापुढे धरला. खाडीकडच्या गावातून येणारी आमच्यातली मुलगी पुढे झाली. तिच्या घरात तीन पिढ्यांनी मिठागरं केलेली. तिने सरांच्या बोटावरचा तो कण सरळ उचलून जिभेवर ठेवला. तिने विचार केला, थुंकली आणि निकाल दिला.

“मीठ नाय सर. रांगोली हाय.”

सगळ्यांनी खाली पाहिलं. ड्रमभोवती आठ पाकळ्यांची सुबक रांगोळी होती. म्हणजे सकाळी होती. आता आमचे चौदा पाय घोट्यापर्यंत पांढरे होते आणि रांगोळी गच्चीभर उडाली होती, काचेपर्यंतसुद्धा. अक्षय्य तृतीया होती, सणाला दारोदार रांगोळी असते, म्हणून कुणालाच काही वाटलं नव्हतं. पहिली फेरी आम्ही उड्या मारत काढलेली. पुढे कोण उड्या मारत बसतो?

“कोणी काढली?” सरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

जिन्याच्या दारात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या, हातात कोकम सरबताचा जग. त्यांनी तोंड उघडलं.

“मी!” मी ओरडले. “मी काढली, सर!”

यात त्यागबिग काही नव्हता, गैरसमज नको. काकू बोलल्या असत्या तर रांगोळीमागोमाग मस्कत बाहेर आलं असतं, आणि मस्कत ही संपूर्ण माझी करणी होती.

झालं होतं असं. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर गच्चीखाली, काकू एकट्या राहायच्या. आमच्या चौदा पायांखाली त्यांचं छत. आरशाच्या तिसऱ्या दिवशीच त्या पदर खोचून वर आलेल्या.

“माझ्या डोक्यावर गिरणी घातलीत का रे मेल्यांनो? बंद करा आधी हे!”

सर झोपलेले. शिबिर बुडतंय असं मला दिसलं आणि माझी जीभ सुटली. ती एकदा सुटली की मलाच तिच्यामागे धावावं लागतं. मी म्हटलं, “काकू, हा साधासुधा आरसा नाहीये! यातून मुंब्र्याचा डोंगर तर दिसेलच, डोंगरामागचा समुद्र दिसेल, समुद्रातली बोट दिसेल, बोटीवरचा माणूस दिसेल आणि त्याने आज दाढी केली की नाही तेसुद्धा दिसेल!”

काकूंनी खोचलेला पदर सोडला.

“दाढी?” त्या म्हणाल्या. “वाढवलीय म्हणून लिहिलंय त्याने.”

तेव्हा मला आठवलं की काकूंचा मुलगा बोटीवर असतो. शेवटचं पत्र मस्कतहून आलेलं, आणि त्याला तीन महिने होऊन गेलेले. पोस्टमन इमारतीत शिरला की काकू गॅलरीत असायच्या, आणि तो बाहेर पडला तरी तिथेच असायच्या. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. मलाही. तेवढ्या क्षणापुरतं नव्हतं.

“मस्कत दिसेल?” काकूंनी विचारलं.

इथे नाही म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं मी ते वाक्य मनात जुळवतेय: नाही काकू, नाही दिसणार. चारच शब्द. पण मी म्हणाले, “मस्कत? मस्कत तर फार जवळ पडेल, काकू. जरा मागे सरून बघावं लागेल.”

त्यानंतर तक्रार नाही. रोज कोकम सरबत, कधी पन्हं. एकदा भर दुपारी, शिबिर सुटल्यावर, आईने वाळत घातलेल्या कुरडया आणायला मला वर धाडलं. गच्चीवर ऊन असं की कावळेसुद्धा टाकीच्या सावलीत एका पायावर. आणि काकू ड्रमभोवती फिरत होत्या. अनवाणी, सावकाश, एक हात काचेवर झाकलेल्या ओल्या गोणपाटावर ठेवून. ओठ हलत होते. मोजत होत्या की बोलत होत्या, कळलं नाही. मी जिन्यातच बसून राहिले. ऊन त्यांच्या पांढऱ्या लुगड्यातून आरपार येत होतं, आणि त्या मलंगगडाकडून मुंब्र्याकडे, मुंब्र्याकडून खाडीकडे अशा जात होत्या, की एवढ्यात गच्चीचा कठडा ओलांडून तशाच पुढे चालत जातील. अकरा फेऱ्या. रोजच्या असणार, कारण गोणपाट कायम जागचं हललेलं असायचं आणि आम्ही कावळ्यांना शिव्या द्यायचो.

कुरडया तशाच राहिल्या, त्यासाठी मार खाल्ला. पण काकूंना काही सांगितलं नाही. आणि त्यानंतर ती रांगोळी.

सरांनी मला शिक्षा केली नाही. पुन्हा आदल्या, जाडसर पावडरीवर गेलो, चार दिवस बुडाले, आणि ते चारही दिवस ‘रांगोळीवाली’ म्हणून मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. चरा बारीक झाला, गेला नाही. मग डांबराच्या थरावर लाल पावडरीने काच चकाकवली, सरांनी ती जेवणाच्या डब्याच्या फडक्यात गुंडाळून ठाण्याला एका ओळखीच्याकडे नेली आणि चंदेरी मुलामा देऊन आणली. वद्य अष्टमीच्या सकाळी पुठ्ठ्याच्या नळीत आरसा बसला. चंद्र तेव्हा मुंब्र्याच्या डोंगरावर होता, दिवसाचा चंद्र, धुऊन वाळत घातल्यासारखा. आमच्या मागून ऊन येत होतं आणि तरी तो तिथेच.

मी डोळा लावला तेव्हा तो आकाशात नव्हताच, आतच होता. खड्डे, सावल्या, उलटा. चऱ्याचं नाव नाही. मी खाली पडले असते. खरं तर पडलेच, पण ते पायात दोरी अडकली म्हणून.

मग काकू आल्या. इस्त्रीची साडी, डोळ्यांवर नवा चष्मा. मुलांनी त्यांना रांगेत पुढे घेतलं.

त्यांनी चंद्र पाहिला. “छान आहे,” म्हणाल्या. मग सरांना म्हणाल्या, “जरा खाली करता का? डोंगराकडे.”

सरांनी दुर्बीण खाली केली. काकू वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. मागची मुलं कुरकुरायला लागली. “काकू, आमचा नंबर!” काकूंनी ऐकलं नाही. चष्मा त्यांनी काढून हातात धरला होता आणि दुसऱ्या हाताने कठड्यावर हळूहळू काहीतरी मोजत होत्या. मला माहीत होतं की आत फक्त डोंगर आहे, उलटा, झाडंबिडं खाली लोंबलेली. त्याच्या पलीकडचं काही नाही.

त्या निघाल्या तशी मी मागोमाग धावले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना गाठलं.

“काकू, मी खोटं बोललेले. यातून बोट नाही दिसत. मस्कत तर नाहीच नाही. पृथ्वी गोल आहे ना, म्हणून.”

काकू कुलपाला किल्ली लावत होत्या.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “शाळेत शिकवलेलं.”

“मग त्या फेऱ्या?”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

“आणि रांगोळी?”

काकूंनी दार उघडलं, चपला नीट लावल्या आणि आतूनच म्हणाल्या, “सण होता.”