ध्वनीचा धडा आणि आईचे कान

दरवर्षी नववीला ध्वनीचा धडा आला की मी पोरांना व्हरांड्यात एका ओळीत उभं करायचो. प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. मग सगळ्यांत मागच्याला मी हलकासा धक्का द्यायचो. तो धक्का खांद्याखांद्यांवरून सरकत पार पहिल्यापर्यंत जायचा आणि तो पुढं झुकायचा. "सांगा, जागा कुणी सोडली?" कुणीच सोडलेली नसायची. "हवेचंही असंच. तोंडातली हवा काही कानापर्यंत जात नाही, नुसता धक्का जातो. हवा कुठं दाटते, कुठं विरळ होते आणि हे दाटणं-विरळणं पुढं सरकत राहतं. हीच ध्वनिलहर." पोरं खिदळायची, एखादा मुद्दाम जोरात ढकलायचा, पण धडा डोक्यात पक्का बसायचा. वालूरच्या बाजूला मी नोकरीला होतो तेव्हा दुसऱ्या शाळेतले मास्तरसुद्धा हा धडा बघायला यायचे. मला त्याचा गर्व होता. आता सांगताना लाज वाटते.

घरी आम्ही तिघं. मी, माझी बायको आणि आई. मूलबाळ झालं नाही.

वडील मी लहान असतानाच गेले आणि आईनं तरुणपणाची सगळी वर्षं तालुक्याच्या जिनिंगमध्ये काढली. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींची रांग आणि त्या रांगेपुढं उभं राहून कापूस टाकणाऱ्या बाया. शाळा सुटल्यावर मी कधीमधी तिला आणायला जायचो, तर दारातच मशिनींच्या आवाजानं छातीत धडधड सुरू व्हायची. तिथं ओरडूनही उपयोग नसायचा. म्हणून त्या बाया आवाज न काढता नुसते ओठ हलवायच्या, हातानं खुणा करायच्या आणि सगळ्या गप्पा तशाच व्हायच्या. आईला ती सवय जन्माची लागली. गल्लीच्या टोकाला दोघी बोलत असल्या तरी ही इकडं हसायची. मला त्याची मोठी गंमत वाटायची. समोरच्याचं तोंड बघून ती फटाफट उत्तरं द्यायची, त्यामुळं तिच्या कानांविषयी कुणाला कधी शंकाच आली नाही.

बायको चारठाण्याकडची. माहेरी तिला बजावून पाठवलेलं, सासूच्या डोळ्याला डोळा लावून बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही. आमच्याकडच्या घरांत ही रीतच आहे. पदर कपाळापर्यंत ओढून, मान खाली घालून, शक्यतो दाराआडून बोलायचं. तिचा आवाज आधीच बारीक. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ती मला म्हणाली, "आत्याबाई माझ्याशी बोलतच न्हाईत. चहा ठेवू का म्हनून इचारलं, तर नुसत्या बसून ऱ्हायल्या."

मी म्हणालो, "नवीन हायेस. होईल सवय."

सवय झालीच. दोघींनाही. बायको विचारायची, आई गप्प. बायको पुन्हा विचारायची नाही. तिकडं आई मला एकटं गाठून म्हणायची, "तुझी बायको लय गर्वाची हाय बाबा. तोंड फिरवून काहीतरी पुटपुटती. मला शिव्या द्यायलीय का काय, देव जाणे." पुढं मूल होत नाही हे पक्कं झालं, तेव्हा बायकोनं आपल्या मनाशी सगळ्याचा अर्थ लावून टाकला. "मला पोर झालं न्हाई म्हनून त्यांनी अबोला धरलाय," असं ती म्हणायची. मी दोघींमध्ये सँडविच होऊन बसलो होतो. आईला एवढंच दिसत होतं की माझं बोलणं तिला एका हाकेत कळतं आणि बायकोला दिसत होतं की लेकाच्या हाकेला म्हातारी लगेच ओ देते. "तुमचं बरं ऐकू येतं त्यांना! सोयीचं तेवढंच ऐकू येतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मलाही ते पटलं.

आणि मी कोण, तर नादकाटा टेबलावर आपटून पोरांना शिकवणारा मास्तर. आवाज लहान-मोठा असणं वेगळं आणि उंच-खालचा असणं वेगळं, हे फळ्यावर लाटा काढून समजावणारा. पुरुषाच्या आवाजाची वारंवारिता कमी, बाईच्या आवाजाची जास्त, असं मी वर्षानुवर्षं लिहून दिलं आणि त्यावर प्रश्न काढले. तपासताना मार्कही कापले.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात बायकोला ताप भरला. डेंगी निघाला. घरीच सलाईन लावून घेतलं, तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून मी शाळेत गेलो. संध्याकाळी आलो तर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. ओठ सुकलेले. म्हणाली, "पान्यासाठी चारदा हाक मारली. मला उठताच येईना. त्या तिथंच लसूण सोलत बसल्या व्हत्या."

माझं डोकं फिरलं. बाहेर ओसरीवर आई खरंच लसूण सोलत बसली होती. दोघींमध्ये एक दार होतं, तेही उघडं. मी तिला नको नको ते बोललो. माणूस आहेस का म्हणालो. कसाई म्हणालो. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. माझा आवाज जाडा, खर्जातला; त्यातला एकही शब्द तिचा चुकला नाही.

"तिनं हाक मारली न्हाई," एवढंच ती म्हणाली.

"खोटं बोलू नगंस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बायकोला परभणीला हलवलं. ती परत आली नाही. जाताना गाडीत बसवलं तेव्हा आई दारात येऊन उभी होती आणि बायकोनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

पुढं सहाएक महिन्यांनी जिंतूरला म्हाताऱ्या माणसांच्या कानांचं शिबिर होतं. मी आईला नेलं ते केवळ घरात बसवेना म्हणून. तिच्या कानाला हेडफोन लावले आणि आवाज आला की हात वर कर म्हणून सांगितलं. तपासणारा बटणं दाबत गेला. जाड, घुमणाऱ्या आवाजांना आईचा हात चटकन वर जात होता. मग आवाज बारीक, शिट्टीसारखे होत गेले तसा हात मांडीवरच राहिला. ती समोर बघत राहिली, शहाण्या विद्यार्थ्यासारखी, पुढचा प्रश्न यायची वाट बघत.

तपासणाऱ्यानं कागद माझ्यापुढं ठेवला. रेघ डावीकडं, जाड्या आवाजांपाशी, बरी चालत आली होती आणि उजवीकडं, बारीक आवाजांपाशी, एकदम खाली कोसळली होती. मला समजवायची गरजच नव्हती. तरी तो म्हणाला, "जिनिंगमधी व्हत्या का? वाटलंच. लय जुनं दिसतंय. तुमचा आवाज यायलाय त्यांना. बायांचा, लेकरांचा बारीक आवाज येत असंल तर नुसती कुजबुज. आवाज येतो, बोल कळत न्हाई. तोंड बघून चालवत असतील."

कानाच्या आत शंखासारखी नळी असते आणि तिच्यात बारीक केस असलेल्या पेशी. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या अगदी तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी जातात. दाराशी सगळ्यांचे पाय पडतात, म्हणून सारवण तिथंच आधी उखडतं. घरातलं सारवण पुन्हा घालता येतं. ह्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. हेही मला तोंडपाठ होतं. येताना एसटीत मी तो कागद उलगडून बघत होतो आणि शेजारी आई खिडकीबाहेर बघत होती. मला तिच्या पाया पडायचं होतं. मी पडलो नाही. काय म्हणून पडणार? आणि जिच्या पाया पडायला हवं होतं अशी दुसरीही होती, ती उरलेलीच नव्हती.

यंदा ध्वनीचा धडा आला तेव्हा मी पुस्तक उघडून नुसता वाचून दाखवला. एका मुलीनं विचारलं, "सर, ते ओळीचं करायचं न्हाई का?" मी म्हणालो, वेळ नाही.

कानाचं मशीन आलं. पहिले काही दिवस आई वेडावल्यासारखी झाली होती. ताटाला वाटी लागली की दचकायची. आपल्याच बांगड्या हलवून ऐकत बसायची. चिमण्या एवढ्या ओरडतात हे तिला ठाऊकच नव्हतं. मला तिचा आनंद बघवत नव्हता.

माझ्या मोबाइलमध्ये बायकोचा एक व्हॉइस मेसेज राहिलेला आहे. मी तो रोज ऐकतो. एका दुपारी, का कोण जाणे, तो ऐकायला मला कुणीतरी सोबत हवं वाटलं. मी आईजवळ बसलो आणि आवाज पूर्ण वाढवून लावला.

"अहो, आल्यावर तुमीच इचारा आत्याबाईला, जेवल्या का म्हनून. मी तीनदा इचारलं. भाकर झाकून ठेवलीय, मऊ केलीय, दात दुखायलेत त्यांचे."

आईनं मान तिरकी करून सगळं ऐकलं. तिचा चेहरा उजळला.

"कोन बाई हाय ही?" तिनं विचारलं. "आवाज लय गोड हाय. सासूची लय काळजी दिसतीय. कुनाच्या घरची?"



"आपल्याच," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं कानातलं मशीन काढलं, पदराला पुसलं, डबीत ठेवलं आणि डबी माझ्या हातात दिली. त्याला आता चार महिने झाले. डबी माझ्याकडंच आहे.