बोक्याची सक्तीची विश्रांती

रुग्णालयाच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या चादरी उपसून ती घरी यायची तेव्हा हातात चमचाही जड वाटायचा. घरी दोघं वाट बघत असायचे, सासरे आणि बोक्या. बोक्या म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना दुधाच्या पातेल्यात तोंड घालून बसलेला सापडला, म्हणून तिच्या नवऱ्याने ते नाव ठेवलं होतं. नवरा गेल्यापासून सासरे काय बोलायचे ते बोक्याशीच, त्याला फिरवताना.

मग बोक्या खोकायला लागला. जिना चढता चढता मध्येच बसायचा. एकदा तर कोसळलाच. तिने त्याला उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

"हृदयात जंत झालेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डास चावून होतात. ऑपरेशनची वेळ आलेली नाही. आधी महिनाभर गोळ्या, मग कंबरेत खोलवर इंजेक्शनं. नाहीतर नुसतं दर महिन्याचं औषध. त्यानेही मरतात, पण फार सावकाश, आणि तोवर हृदय न् फुप्फुसं झिजत राहतात."

"कमी कटकटीचं कुठलं?" तिने विचारलं आणि तिची तीच ओशाळली.

"दुसरं. इंजेक्शनांनी मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकतात, म्हणून काही महिने त्याला पळू द्यायचं नाही. घरात माणूस लागतं, ताई. पण माझा कुत्रा असता तर मी इंजेक्शनंच दिली असती."

तिने इंजेक्शनं ठरवली. राखणीला सासरे. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर हे गृहस्थ स्वतः धड आठवडाभरही अंथरुणात टिकले नव्हते.

शेवटच्या इंजेक्शननंतर एका संध्याकाळी ती आली तर बोक्या जिन्याच्या तळाशी आडवा, तोंडाला लालसर फेस. सासरे भिंतीला धरून उभे.

"त्याला असं बांधलेलं बघवेना गं. जरा सोडला, तर मांजरामागे सुटला."

तिने पुन्हा त्याला उचललं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सूज उतरायची औषधं दिली, ठेवून घेतलं. सासरे बाकावर तिच्याशेजारी येऊन बसले.

"रागव तरी," ते म्हणाले.

"उद्या रागावते, बाबा. आज अंगात त्राण नाही."

बोक्या वाचला. घरी आल्यावर सासऱ्यांनी आपलं अंथरूण त्याच्याशेजारी घातलं, पट्टा मनगटाला गुंडाळला आणि त्याला दिवसभर वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. ती आली की तिलाही एखादी बातमी सांगायचे. ती भिंतीला टेकून ऐकायची, अर्ध्यात डोळा लागायचा. रागवायचं राहूनच गेलं.

पुढे काही महिन्यांनी रक्त तपासलं, जंत नव्हते. खोकला मात्र थोडा राहणार होता, आणि डास आहेत तोवर दर महिन्याचं औषध चुकवून चालणार नव्हतं. दवाखान्याच्या दारात तिने पट्टा सासऱ्यांच्या हातात दिला. दोघं हळूहळू निघाले, वळणावर धाप लागली म्हणून थांबले. ती पायरीवर बसून राहिली. घाई कुणालाच नव्हती.