वहीत नसलेली ओळ

कमलमावशीचं नाव आधी घेतो. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार तिचे आहेत, आणि पुढे जे सांगणार आहे ते तिच्याशीच केलेलं आहे. आईला हे माहीत नाही. बायकोलाही नाही. एकदा-दोनदा ओठापर्यंत आलं होतं, तेव्हा मी पाणी प्यायला उठलो. आता थकलोय. लपवायचंही काम असतं, आणि ते रोज करावं लागतं — हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. बारावी झाली तेव्हा वडिलांनी आमच्या जसोंडी गावातच केळी भरणाऱ्या टोळीच्या मुकादमाशी माझं बोलून ठेवलं होतं. आमच्या घरात कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे वडिलांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. मावशी बुऱ्हाणपूरहून बसनं आली, ओट्यावर बसली, चहा घेतला नाही. म्हणाली, "हा माह्यासंगं येईल. लोधीपुऱ्यात खोली हाय, टेबल हाय. बाकीचं मी पाहीन." वडील म्हणाले, "अन् शिकून काय कलेक्टर होईल का?" ती म्हणाली, "नाही झाला तर परत आणून देईन. तुमचे घड काही पळून जात नाहीत."

तिच्या घरात खोल्या दोनच. पुढची मला दिली. ती स्वयंपाकघरात झोपायची.

ती स्वतः दुसरीत असताना शाळेतून निघालेली. आकडे ओळखायची, स्वतःचं नाव लिहायची, बाकी अक्षरं तिच्यासाठी नुसती नक्षी. पण हाताला चव होती. मावसा पुण्याला कामाला होते तेव्हा ती तिथल्या एका झटपट जेवणाच्या हॉटेलात अकरा वर्षं राबली. तिथं भूमध्य समुद्राकाठच्या देशांचं जेवण मिळायचं. काबुली चणे, तीळ, लसूण वाटून केलेला हमस. कोथिंबीर घालून तळलेले चण्याचे हिरवे वडे, म्हणजे फलाफल. आणि पिटा — खमीर घातलेली जाड रोटी, भट्टीत टाकली की टम्म फुगते. मावसा गेले, ती माझ्या बारावीच्या आधीच बुऱ्हाणपूरला परत आली, आणि माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तिनं लोधीपुऱ्यातच एक गाळा घेऊन तेच जेवण सुरू केलं. फक्त दुपारी, बारा ते तीन. पाटीवर रंगाऱ्यानं लिहिलं, "मेडिटेरेनियन लंच". पहिल्याच दिवशी कापडाच्या दुकानातले एक काका पाटी वाचून म्हणाले, "ये मेडिटेरेनियन कहाँ आया? खंडवा के आगे?" मावशी म्हणाली, "खंडव्याच्या लई पुढं. बसा, पोचवते."

आणि लोक बसले. खरंच बसले. बँकेतले, कचेरीतले, कोचिंगची पोरं. हमसला सगळे 'चने की चटनी' म्हणायचे, मावशीनंही मग तेच नाव धरलं. भिंतीवर देवाचा फोटो, त्याखाली भावफलक, आणि त्याच्या शेजारी फ्रेम करून लावलेली माझी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका. सेकंड क्लास. मी म्हटलं, मावशी, काढ ती. ती म्हणाली, "तुले काय ठाव? गिऱ्हाईक पाह्यते ना."

पुण्याच्या हॉटेलात एक पद्धत होती. जेवण संपलं की मॅनेजर सगळ्यांना उभं करून त्या दिवशीचे गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचून दाखवायचा. मावशीनं ती पद्धत इथं आणली. गल्ल्याजवळ दोरीला पेन बांधलेली वही. शिवाय फोनवर लोक तारे द्यायचे, लिहायचे. तीन वाजता शटर अर्धं खाली आलं की ती हात पुसून पाटावर बसायची. "वाच, दिनू. आज लोक काय म्हन्ते?" वही हिंदीत, मराठीत, कधी इंग्रजीत. मी वाचायचो, अर्थ सांगायचो. चांगलं आलं की ती मध्येच थांबवायची — "चांगलं ऱ्हाऊ दे. वाईट वाच. वाईटानं हात सुधरतो." कोणी लिहिलं लसूण जास्त झाला, तर दुसऱ्या दिवशी लसूण कमी. कोणी लिहिलं वडा आतून ओला, तर दुसऱ्या दिवशी ती वडा मोडून मला दाखवायची.

ताऱ्यांना ती चांदण्या म्हणायची. "आज किती चांदण्या?" फोन माझ्या हातात असायचा. तिनं कधी वाकून बघितलं नाही. चांदण्या तर तिला मोजता आल्या असत्या — नाही का? बघितलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण मी वाचतोय म्हटल्यावर बघायचं कशाला?

इथपर्यंत सांगायला सोपं होतं.

पिटा गरमच द्यायची, हा तिचा हट्ट. गिऱ्हाईक बसलं की रोटी भट्टीत जायची, फुगली की थेट ताटात. आणि भट्टीवर उभा असायचो मी. मावशीच्या मनगटात जोर राहिला नव्हता. कॉलेज सकाळचं, त्यामुळे बारा ते तीन मी मोकळाच. मोकळाच — हा शब्द तेव्हा मला टोचायचा. तोंड भाजायचं, भुवया करपायच्या, शर्टाला खमिराचा आंबूस वास. पण खरं सांगू? ते सोसलं असतं. माझ्या वर्गातली पोरं एक दिवस जेवायला आली. मला बघून एकानं हाक मारली, "अरे प्रोफेसर साहब! दो रोटी इधर!" सगळे हसले. वाईट पोरं नव्हती ती. हसून जेवले, वहीत चांगलंच लिहून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून वर्गात मी 'प्रोफेसर साहब, दो रोटी' झालो.

पुढे मी स्वतःला सांगत आलो की मला अभ्यासाला वेळ हवा होता. शेवटचं वर्ष तोंडावर होतं. हे कारण मी नंतर बनवलं. तेव्हा मला फक्त एवढंच हवं होतं, की गिऱ्हाइकांच्या वेळेला मी भट्टीसमोर दिसू नये.

मग एके दिवशी तीनला मी वही उघडली. त्या दिवशी वहीत एकच ओळ होती. मी ती मनात वाचली, आणि मोठ्यानं दुसरीच वाचली. वहीत नसलेली. म्हटलं, "लिहिलंय — खाना अच्छा है, पर रोटी के लिए बहुत देर बैठना पड़ता है. लंच का टाइम निकल जाता है."

इतक्या सहज आलं ते! अडखळलोसुद्धा नाही. मावशीनं भट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. अर्ध्या तासाची सुट्टी असते बिचाऱ्याले." आणखी दोन दिवस मी तसंच काहीतरी वाचलं — एकदा बँकेतल्या माणसाच्या नावानं, एकदा फोनवरचं म्हणून. चौथ्या दिवशी तिनं पद्धत बदलली. सगळ्या पिटा अकरालाच भाजून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. कॉलेजातून आलो की मी तासाभरात उरकायचो आणि बाराच्या आत खोलीवर.

पिटा गार झाली की काय होते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला विचारलंही, "चिवट तर व्हनार नाही ना रे?" मी म्हटलं, "फडक्यात राहते मऊ." ती म्हणाली, "पाहू. लोक सांगतीनच."

आणि लोकांनी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात वहीत आलं — रोटी पहले जैसी नहीं. मग — चामड्यासारखी. फोनवर दोन तारे: जाड, गार, ओढून तोडावी लागते. कोणीतरी कळकळीनं अर्धं पान लिहिलं होतं, की बाई, बाकी सगळं उत्तम आहे, फक्त रोटी आधीसारखी करा.

मी काय वाचायचो? "छान आहे. पुन्हा येऊ. पाच चांदण्या."

कारण खरं वाचलं असतं तर तिनं भट्टी पुन्हा पेटवली असती. आणि विचारलं असतं — मग देर होते म्हणणारा तो कोण होता? एक खोटं जपायला रोज नवं लागतं, हे शाळेत सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलेलं असतं. मी स्वतः लिहिलंय ते, पुढे, मास्तर झाल्यावर.

माणसं कमी होत गेली. मावशी स्वयंपाकघरभर चूक शोधत फिरायची. तीळ बदलले. तेल बदललं. वड्यात हिरवी मिरची वाढवली, मग काढली. काकडी पातळ चिरून बघितली, जाड चिरून बघितली. मी ती सगळी शोधाशोध बघत होतो आणि चूक कुठं आहे ते मला माहीत होतं. ती मीच ठेवली होती तिथं.

एका दुपारी तर तिनं सरळ विचारलं. वही माझ्या मांडीवर होती, आणि त्या पानावर रोटीबद्दलच लिहिलेलं होतं. माझं बोट त्या ओळीवर होतं. ती म्हणाली, "रोटी तर नाही ना रे दिनू?"

मी म्हटलं, "नाही."

हाच तो गुन्हा. आधीचं सगळं हलकटपणाचं होतं, पण हा एक शब्द वेगळा. त्या दिवशी दुकान वाचलं असतं. ती दुसऱ्या दिवशी रोटी गरम करून देणार, आणि ज्यांनी कळकळीनं लिहिलं होतं ते परत येणार — एवढंच तर लागत होतं. मी नाही म्हटलं, आणि तिनं मान हलवली. कारण मी वाचणारा होतो.

वर्षाच्या आत गाळा सोडावा लागला. भट्टी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवताना तिनं त्याला "जरा हळू" म्हटलं, जसं काही ती पुन्हा लागणार होती. वही मी पिशवीत घातली. ठेवायची म्हणून नाही, कोणाच्या हाती पडू नये म्हणून. आणि मावशी तेव्हा जे बोलली ते आजही बोलते, लग्नकार्यात, शेजारपाजारी: "पुन्याचे लोक तोंडावर बोलत. इथले लोक गोड लिव्हतात अन् येत नाहीत. आपल्या गावाचं तोंड गोड, पोट खोटं."

गावानं तिला खरं सांगितलं होतं. पानोपानी सांगितलं होतं. आणि ती आज तेरा वर्षं गावालाच खोटं समजते. एवढ्या माणसांचं नाव मी तिच्याजवळ खराब केलं, आणि त्यात माझं तेवढं चांगलं राहिलं.

मी बी.ए. झालो, बी.एड. झालो. खकनारला शाळेत लागलो. नेमणुकीचा कागद घेऊन आधी तिच्याकडेच गेलो. ती आता एका वसतिगृहात पोळ्या करते. पीठ लागलेल्या हातानं तिनं तो कागद धरला, उलटा. मी तो सरळ करून दिला. म्हणाली, "माह्या दुकानात बसून वाचता वाचता मास्तर झाला हा." तिच्यासोबत पोळ्या लाटणाऱ्या सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या, कौतुकानं.

गेल्या महिन्यात तिसरीतल्या एका मुलीला मी धडा वाचायला उभं केलं. ती चित्राकडे बघून मनानंच वाक्यं बनवून वाचत होती, आणि छान वाचत होती. मी म्हटलं, "जे लिहिलंय तेच वाच." तिनं मान खाली घातली. मी पुस्तक मिटलं आणि तास संपेपर्यंत खिडकीत उभा राहिलो.

त्या आठवड्यात मी मावशीला पत्र लिहिलं. समोर जाऊन सांगायचं धाडस नव्हतं, हेही इथंच लिहून ठेवतो. सोबत वही पाठवली. पत्र असं होतं —

कमलमावशी,

हे पत्र शेजारची रेवा तुला वाचून दाखवेल. रेवा, तू नववीत आहेस, तुला सगळं वाचता येतं. एकही ओळ गाळू नकोस, आणि मनाची घालू नकोस. मावशीला वाईट वाटेल असं आलं तरी वाच.

मावशी, तुझं दुकान लोकांनी बंद पाडलं नाही. मी पाडलं. रोटीला देर होते असं कोणीच लिहिलं नव्हतं. ते माझं होतं. मला भट्टीवर उभं राहायची लाज वाटत होती. नंतर रोटी चिवट झाली असं लोकांनी खूपदा लिहिलं, ते मी तुला वाचलं नाही. तू मला विचारलंस, रोटी तर नाही ना. मी नाही म्हटलं. रोटीच होती.

वही पाठवतोय. रेवा पहिल्या पानापासून वाचेल. वाईटही वाचेल. गाव तुझ्याशी खोटं वागलं नाही.

ज्या दिवशी मी पहिल्यांदा खोटं वाचलं, त्या पानाचा कोपरा दुमडला आहे. त्या दिवशी वहीत एकच ओळ होती. नाव लिहिलेलं नाही. ती अशी आहे —

"माताजी, गरम रोटी के लिए रुकना पड़े तो रुकेंगे. इसी के लिए आते हैं."

दिनेश